सिंगकाकांची पंगत

सकाळी दाराची बेल वाजली की मी आधी पदराला हात पुसते, कारण दार उघडल्यावर हातात काय येणार हे ठरलेलं असतं. शेजारच्या सिंगकाकांच्या पगडीचं टोक.

"ताय, धरा," एवढंच म्हणायचं आणि कापडाचं दुसरं टोक घेऊन काका उलटे चालत थेट लिफ्टपर्यंत जातात. मग दोघांनी ते लांबलचक कापड ताणायचं, झटकायचं, उभ्या घड्या घालायच्या. घडी तिरकी गेली की पुन्हा पहिल्यापासून. एक टोक दाराच्या कडीला बांधलं तर हे काम एकट्यालाही जमतं म्हणे. पण कडी बोलत नाही, ही काकांची तक्रार. पूर्वी ते टोक मनजीतकाकू धरायच्या. काकू गेल्या आणि टोक आमच्या मजल्याकडे आलं.

मजल्याकडे म्हणजे जो दिसेल त्याच्याकडे. आमच्या ह्यांनी तोंडात ब्रश धरून टोक धरलंय. सिलिंडरवाल्यानं सिलिंडर खाली ठेवून धरलंय. मतं मागायला आलेला एक उमेदवार दारात हात जोडून उभा होता. काकांनी त्याचे हात सोडवले, त्यात कापड दिलं आणि वर त्याला विचारलं, "जेवला का न्हाय?" सकाळचे साडेसात वाजले होते. तो बिचारा खरंच आत गेला आणि दोन पराठे खाऊन बाहेर आला. निवडून काही आला नाही, पण अजून काकांना नमस्कार करतो.

"जेवला का न्हाय" हा काकांचा मंत्र. वेळकाळ नाही, ओळखपाळख नाही. लिफ्ट बंद पडली तर अडकलेल्या माणसाला ते बाहेरून आधी हे विचारतात, लिफ्टवाल्याला फोन नंतर. मराठी बोलतात ती अशी गावरान, कारण शिकले ती न्हावा शेव्याच्या रस्त्यावर, आगरी ड्रायव्हरांकडून. सहा फुटी सरदार, छातीवर पांढरी दाढी, आणि तोंडात "व्हय", "न्हाय". नवा माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा मागे वळून बघतो, की बोललं कोण.

तारुण्यात ते ट्रक घेऊन आले, बंदर वाढलं तसे त्यांचे ट्रेलर वाढले, मग पोराला परदेश आवडला आणि काकांनी सगळा धंदा विकून टाकला. राहिले मात्र इथेच, उरणच्या वाटेवर, बंदराच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या सोसायटीत. पहाटे त्यांचा पाठ सुरू होतो तो भिंतीतून आमच्याकडे ऐकू येतो. मला घड्याळ लागत नाही. शिंक आली, वीज गेली, दूध उतू गेलं, काहीही झालं की "वाहेगुरू". गणपतीत आरतीला सर्वात मोठा आवाज यांचाच, शब्द निम्मे चुकीचे. ईदेला तळमजल्यावरच्या मुकादमभाभींच्या शिरखुर्म्याला पहिला नंबर यांचा. आणि एवढं करून स्वतःचा एक नियम इकडचा तिकडे होऊ देणार नाहीत. केसांना कात्री नाही, हातातलं कडं उतरत नाही आणि सेवा सुटत नाही.

या सेवेनं आम्हाला एकदा चांगलंच गोत्यात आणलं. गुरुद्वाऱ्यात आलेल्यांचे जोडे पुसून ठेवणं ही मोठी सेवा. काका दर रविवारी नवी मुंबईला जाऊन ती करायचे. मग गुडघे बोलायला लागले, डॉक्टरांनी प्रवास बंद केला, आणि नेमका त्याच महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण. पाहुणे आत तीर्थप्रसाद घेताहेत आणि काका बाहेर स्टुलावर बसून सगळ्यांच्या चपला पुसताहेत. मला पत्ताच नाही. पुसल्या त्या पुसल्या, वर मापाप्रमाणे रांगेत लावल्या. कोणाची जोडी कुठे गेली, कुणाला काही सापडेना. आमचे चेअरमन पाटीलशेठ आपल्या चपलेसमोर उभे राहून चपला शोधत होते. इतकी स्वच्छ चप्पल आपली असेल हे त्यांना पटेचना. शेवटी अनवाणी घरी गेले. माझी जाऊ आजही विचारते, तुमच्याकडे पूजेला यायचं तर चपलेवर नाव घालून येऊ का?

तर असे हे काका गेल्या दिवाळीआधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहिले. एरवी तिथे फक्त पाणी आणि पार्किंग यावर भांडण होतं. काका म्हणाले, गुरुनानक जयंतीचं लंगर यंदा इथं, आपल्या आवारात करायचं. लंगर म्हणजे सगळ्यांसाठीचं जेवण, जमिनीवर एका पंगतीत, जात नाही, धर्म नाही, आमंत्रण नाही. पूर्वी दरवर्षी गुरुद्वाऱ्यात डाळ रांधायचं काम काका-काकूंकडे असे. काकू गेल्या त्या वर्षी काका गेलेच नाहीत. त्यानंतर गुडघे नेईनात. "दोन वरसं माझ्या हातानं लंगर न्हाय झालं," ते म्हणाले, "या वरसाला न्हाय झालं तर मग मला न्हाय वाटत पुन्ना होईल." एवढा मोठा माणूस, पण आवाज पार खाली गेला होता. पाणी आणि पार्किंग कुणाला आठवलं नाही. पाटीलशेठनी लगेच हो म्हणून टाकलं, फक्त स्वतःपुरती एक खुर्ची मागितली. काका म्हणाले, गुडघे दुखत असतील तर घ्या. गुडघे दुखतात हे चारचौघात कबूल करायचं शेठच्या जिवावर आलं. खुर्ची रद्द झाली.

मग महिनाभर काकांनी आम्हाला सेवेचे धडे दिले. जिन्यात, गच्चीवर, कचऱ्याच्या डब्याजवळ. वाढणाऱ्याचं भाग्य मोठं. भांडी घासणाऱ्याचं त्याहून मोठं. रोटीला प्रशादा म्हणायचं, आणि घेणाऱ्यानं ती दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची. आग्रह करायचा नाही, कारण ताटात टाकायचं नाही. हे शेवटचं मला काही झेपलं नाही. आमच्या रेवदंड्याकडे पाहुणा ताटावर आडवा पडेपर्यंत वाढतात, तरी यजमानीण म्हणते, काही जेवलेच नाहीत. मी तसं म्हटलं तर काकांनी दाढीला हात लावून माझी क्षमा मागितली, पण नियम बदलला नाही.

लंगराच्या सकाळी आवारात चुली मांडल्या. रोट्या बायकांकडे, बटाट्याची भाजी मुकादमभाभींकडे, खीर माझ्याकडे. डाळीला मात्र काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. वाटीएवढ्या पळीनं तुपाची फोडणी ओतली तेव्हा वास पार मुख्य रस्त्यापर्यंत गेला. मी चव बघायला बोट पुढे केलं तर काकांनी मला दटावलं. आमच्याकडं लंगर शिजताना चाखत न्हाय, आधी गुरूला, मग लोकांना. मी बोट मागे घेतलं.

अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली. सतरंज्या अंथरल्या. आणि मग आमच्या सोसायटीनं जे केलं ते जगात दुसरं कुणी करणार नाही. डोक्याला रुमाल बांधून, पदर खोचून, सगळेच्या सगळे वाढायला आले. बादल्या कमी आणि हात जास्त. पाण्याच्या जगसाठी आमचे हे आणि पाटीलशेठ यांच्यात खेचाखेची झाली. सतरंजीवर माणूस एक नाही. काका म्हणाले, बसा. सगळे म्हणाले, छे छे, आधी पाहुण्यांना बसू दे, आम्ही घरचीच माणसं. घरच्यांनी आधी जेवायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील? आणि पाहुणा तर कोणीच नव्हता. काकांचे गुरुद्वाऱ्यातले दोस्त त्या दिवशी आपापल्या लंगरात. रिकाम्या सतरंज्या, गरम डाळ, आणि दोन्ही बाजूंना बादल्या घेऊन उभे असलेले यजमान.

काकांचा चेहरा बघवेना. आम्ही स्वतःला घरचं म्हणवून घेतल्याचं सुख की लंगर रिकामं राहिल्याचं दुःख, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मग एकदम ते फाटकाकडे निघाले, गुडघे वगैरे विसरून. बाहेर नेहमीप्रमाणे बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग तुंबली होती. काका एकेका केबिनखाली उभे राहून हाक मारत गेले, जेवला का न्हाय? बिहारचे, राजस्थानचे, तमिळनाडूचे, सगळ्यांना ती मराठी बरोबर कळली. कपड्यांना ग्रीस आहे म्हणून बिचकत आले, आणि बसले.

मग काय विचारता! पाटीलशेठ डाळ वाढत वाढत एका ताटासमोर थबकले, तर खाली त्यांच्याच ट्रेलरवरचा ड्रायव्हर. कालच दोघांचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. शेठनी गुपचूप दोन पळ्या जास्त वाढल्या. ड्रायव्हर लोक लोणचं फार मागत होते. मला वाटलं, उत्तरेकडच्या माणसांना लोणच्याची आवड. वरून माझी वर्षाची आंब्याची बरणी आणवली, तीही रिकामी झाली.

दुसऱ्या पंगतीला आम्ही बसलो. मी रोटीचा तुकडा डाळीत बुडवून तोंडात घातला आणि लोणच्याचं कोडं सुटलं. डाळीत मीठ नव्हतं. कमी नाही, नव्हतंच. आमचे हे "अगं, डाळीत—" म्हणेपर्यंत मी त्यांना असा चिमटा काढला की पुढचं वाक्य खिरीबद्दल झालं. मी पंगतीवरून नजर फिरवली. सगळ्यांना कळलं होतं. मुकादमभाभींनी मला डोळ्यांनी खूण केली, गप्प राहा. तेवढ्यात काका बादली घेऊन आले, विचारू लागले, कशी झाली? एक नंबर, असं अख्खी पंगत म्हणाली. पाटीलशेठ, ज्यांना लग्नाच्या जेवणातही खोड सापडते, त्यांनी पुन्हा डाळ मागून घेतली. मग त्यांना बघून सगळ्यांनीच घेतली. मी हसू लपवायला ताटावर वाकले.

आता पंचाईत अशी की काका जेवायचे राहिले होते. सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. बसवावं तर त्यांना कळणार, न बसवावं तर माणूस उपाशी. मी म्हटलं, खीर घ्या थोडी. भाभी म्हणाल्या, भाजी खा ना चाचा, भाजी बहुत है. मी तर डाळ संपली असंही ठोकून दिलं. काकांनी पातेल्याचं झाकण उचलून आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच वाटी भरली आणि सतरंजीवर बसले. एकट्यानं जेवायला नको म्हणून आम्ही पोट भरलेले सगळे पुन्हा त्यांच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसलो.

त्यांनी घास घेतला. हळूहळू चावला.

"मीठ न्हाय," ते म्हणाले.

पाटीलशेठ म्हणाले, बीपीला चांगलं असतं. त्यावर काका मोठ्यानं हसले, दाढी हलेपर्यंत हसले, आणि विचारलं, तुम्ही सगळ्यांनी ही अशीच खाल्ली? दोनदा, भाभी म्हणाल्या. मग काकांचं हसू ओसरलं. ते वाटीकडे बघत राहिले.

"चाखायची न्हाय ना, मंग आमी काम वाटून घेतलेलं," ते म्हणाले. "डाळ माझी, फोडणी माझी. मीठ मनजीतचं. माझी फोडणी झाली का मी बाजूला व्हायचो, ती मीठ घालायची. लगीन झाल्यापासून असंच. आज बी फोडणी टाकली, ताय, आन बाजूला झालो. तिला जागा दिली."

माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी मीठ आणते म्हणून उठले. काकांनी हातानंच मला खाली बसवलं. तीच अळणी डाळ त्यांनी रोटीला लावून सावकाश संपवली. मग वाटी माझ्यापुढे धरली, आणि मी आणखी वाढली.