दोन्ही कान दिसले पाहिजेत

रशीदभाई पिंगळ्याला अहो-जाहो करतात. कडुलिंबाच्या ढोलीत बसलेल्या त्या वीतभर घुबडासमोर कॅमेऱ्याची तिपाई लावून अदबीनं म्हणतात, "हनुवटी जरा खाली घ्या. बस्स. आता हसू नका."

पिंगळा हसत नाही. म्हणून तर तो त्यांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक आहे.

मुकुंदवाडीत भाईंचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. समोर बघा, हसू नका, दोन्ही कान दिसले पाहिजेत, एवढंच सांगण्यात त्यांची हयात गेली. आता दिवसाला दोन माणसं आली तरी डोक्यावरून पाणी. मग संध्याकाळी पाचला शटर ओढून ते स्कूटर काढतात आणि मला, म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या रिटायर मास्तरला, मागं बसवून बायपासपलीकडच्या मळ्यांकडं निघतात. तिपाई धरायची आणि तोंड बंद ठेवायचं, हे माझं काम. यातलं दुसरं मला जमत नाही, असं त्यांचं मत आहे.

फोटोचे नियम ते रानातल्या जिवांनाही लावतात. मोर नापास. "लई नखरे मास्तर. मागची बॅकग्राऊंड स्वतःच भरून टाकतो." टिटवी बडबडते, मुंगूस बूड टेकत नाही. ससा मात्र पहिल्या झटक्यात पास. "कान बघा! एकदम कायद्यात."

"मग पिंगळ्याचे कान कुठं दिसतात?" मी एकदा चिमटा काढला.

"त्याला वरून सूट आहे," भाई आभाळाकडं बोट दाखवून म्हणाले.

एकदा तारेवरच्या वेड्या राघूमागं त्यांनी मला पांढरी चादर धरून उभं केलं. राघू तर उडालाच, वर मळ्याचा मालक काठी घेऊन धावत आला. भाईंनी त्यालाच समोर उभं केलं, हसू नका म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आठ कॉप्या नेऊन दिल्या. तेव्हापासून त्या मळ्यात आम्हाला चहा मिळतो.

आठ कॉप्या पिंगळ्याच्याही निघतात. कटरनं नीट कापून छोट्या पाकिटात जातात. पाकिटावर नाव, पत्ता: 'श्री. पिंगळा, कडुलिंब, विहिरीजवळ'.

आणखी एक खोड. ज्याचा फोटो काढला, त्याला बघायला भाई दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा जाणारच. तेव्हा कॅमेरा गळ्यात नसतो. हात मागं बांधून झाडाखाली उभे राहतात आणि हळूच विचारतात, "आहात ना?" ढोलीत दोन पिवळे डोळे दिसले की "शुक्रिया" म्हणून परत फिरतात. मी हसायचो. म्हातारपणी माणूस असं काहीबाही करतो, असं मला वाटायचं.

गेल्या महिन्यात मात्र आमचं बिनसलं. माझं मुलाकडं जर्मनीला तीन महिने जायचं ठरलं आणि व्हिसाला फोटो हवा होता. सोमवारी भाईंचा बल्ब गेला होता. मंगळवारी प्रिंटर बिघडला. बुधवारी म्हणाले, "आज तुमच्या दाढीवर उजेड बसंना." चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"भाई, सशाला एका मिनिटात मोकळं करता. मी काय मोर आहे? काढायचा नसेल तर सांगा, दुसरीकडं जातो."

भाईंनी ड्रॉवर उघडून एक पिवळं पडलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. आत त्यांच्या मुलीचे, नसरीनचे फोटो होते. चेहरा गंभीर, दोन्ही कान दिसत होते.

"आठ काढल्या होत्या. दोन फॉर्मला लागल्या. ह्या सहा राहिल्या," ते म्हणाले. "कॅनडाला आहे. दर जुम्म्याला फोन येतो, लई जीव लावते. पण मास्तर, ह्या स्टुलावर बसला, तो गेलाच. कुणी दुबईला, कुणी सौदीला. पाखरांचं बरं आहे. फोटो काढला तरी दुसऱ्या दिवशी झाडावरच असतात."

"मी तीनच महिने जातोय, भाई."

"ती दोन वर्षं म्हणली होती. अकरा झाली."

माझा राग कुठल्या कुठं गेला. भाईंनीच मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला.

"हनुवटी खाली घ्या. समोर बघा." ते कॅमेऱ्यामागं गेले, थांबले. "आता हसा."

"अहो, हसलं तर फोटो नापास करतात."

"व्हय," भाई म्हणाले. "मग पुन्हा काढायला यावं लागंल."

मी हसलो. चांगले दात दाखवून हसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला भाईंच्या स्कूटरचा रोजचा हॉर्न वाजला नाही. दार उघडून बघितलं, तर फाटकाबाहेर रशीदभाई उभे होते. गळ्यात कॅमेरा नव्हता, हात मागं बांधलेले.

"आहात ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे, भाई," मी म्हणालो आणि चपला शोधायला लागलो.