बळवंतराव गव्याची हलकी सॅक

एका जंगलात, मुलांनो, बळवंतराव नावाचा एक गवा राहत होता. अंगाने असा, की तो शिंकला तर शेजारच्या झाडावरचे आंबे पडायचे.

बळवंतरावांची सासुरवाडी होती डोंगरमाथ्यावर. आंब्याफणसाच्या दिवसांत ते आणि कावेरीबाई तिकडे जात. चढ मोठा. म्हणून यंदा त्यांनी ठरवलं, आपली सॅक आपणच शिवायची. आणि अशी हलकी, की पाठीला पत्ता लागू नये!

जंगलात आलेली माणसं एक फाटका तंबू टाकून गेली होती. त्याचं कापड घेतलं, साळिंदराचा काटा घेतला आणि बळवंतराव शिवायला बसले. सॅक झाली. आता वजन! फांदीचा तराजू केला; एका टोकाला सॅक टांगली, दुसऱ्या टोकाला टिकली नावाची खार बसवली.

सॅक खाली गेली.

"खारीपेक्षा जड?" बळवंतराव हादरले. त्यांनी बाहेरचा कप्पा कापला. मग कमरेचा पट्टा. मग खांद्यांच्या पट्ट्यांतला कापूस. टिकली मधूनमधून जांभळं खाऊन येत होती. शेवटी टिकली खाली, सॅक वर! बळवंतराव चारी पायांवर असे नाचले, की ससे बिळं सोडून पळाले.

कावेरीबाई म्हणाल्या, "अहो, सॅकमधलं चिमूटभर काढलंत. पोटातलं मणभर कधी काढणार?"

"तुला यातलं शास्त्र कळत नाही. बरं, हा फणस माझ्या सॅकमध्ये मावत नाही. तुझ्या गाठोड्यात टाक. ही घोंगडीपण. आणि हा तांब्या."

दोघं निघाली. बळवंतराव पुढे, वाऱ्यासारखे. सॅकमध्ये होती एक चिंच, तीही सोललेली. "बघ, काही जाणवतच नाही!" ते मागे वळून ओरडत.

कड्याच्या वाटेवर दगड घरंगळल्याचा आवाज आला. बळवंतरावांनी पाहिलं, तर कावेरीबाईंचा पाय घसरलेला आणि गाठोडं त्यांना दरीकडे ओढतंय. ते धावले, गाठोड्यात शिंगं अडकवली आणि सगळा जोर लावून बायकोला वाटेवर ओढलं.

दोघं धापा टाकत बसली. मग कावेरीबाईंनी गाठोडं उतरवलं.

"द्या बघू तुमची सॅक. किती हलकी आहे ती."

बळवंतरावांनी सॅक उतरवून दिली.

कावेरीबाईंनी सॅक पाठीवर चढवली. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग अशी उडी मारली, की त्यांचं त्यांनाच हसू फुटलं.

"अगंबाई! खरंच की हो! काहीच जाणवत नाही!"

आणि वासरासारख्या बागडत त्या वर पळाल्या. मागे उरले बळवंतराव. आणि गाठोडं.

ते माथ्यावर पोचले तेव्हा जीभ गुडघ्याला टेकली होती. सासूबाई म्हणाल्या, "कावेरी, नशीब काढलंस गं! जावईबापूंनी सगळं ओझं एकट्याने आणलं!"

"आमच्याकडे अशीच पद्धत आहे," बळवंतराव धापांमधून म्हणाले.

परत निघताना त्यांनी हळूच सॅक मागितली.

"कुठली?" कावेरीबाई म्हणाल्या. "माझी?"

तात्पर्य : सॅक जरूर हलकी शिवावी, मुलांनो. फक्त बायकोला ती घालून बघू देऊ नये.