क्लच हलका करण्याची गोष्ट

"गुडघा झिजला आहे. जीपचा क्लच हलका करून घ्या, नाहीतर गाडी चालवणं सोडा," असे डॉक्टर केवलरामला म्हणाले. जीप सोडणे शक्य नव्हते. गोंदियाकडच्या शेतावर जायला नाला ओलांडावा लागे आणि त्या चिखलातून चारही चाकांनी ओढणारी ही जुनी जीपच काय ती पार होई. तेव्हा केवलरामने क्लच हलका करायचे ठरवले, आणि त्या दिवसापासून त्याच्या घरातली शांतता गेली.

पहिल्यांदा आले कृष्णराव, त्याचे थोरले चुलतभाऊ. स्टील प्लांटच्या हायड्रॉलिक विभागातून रिटायर झालेले.

"केवल, हायड्रॉलिक टाक. दाब तेलावर पडते, पायावर नाही. खड्ड्यात जीप कितीही पिळली तरी तेलाले काय फरक पडते? केबल तं अटकतेच."

संध्याकाळी केवलरामची बायको मनकर्णा हिचा भाऊ प्रवीण आला. तो प्लांटमध्ये क्रेनवर होता.

"भाऊजी, नाल्यामधी तेल गळलं तं काय करसान? केबल तुटली तं नवी टाका, पंधरा मिनिटांत गाडी चालू. माही क्रेन तारेवर शंभर टन उचलते, अन् तुमचं एक पेडल नाही दाबनार?"

केवलरामने नंदिनीच्या खाणीत तीस वर्षे डंपर चालवला होता. त्याला काय वाटते, हे कोणी विचारले नाही.

आठवड्याभरात कृष्णरावांनी रायपूरहून हायड्रॉलिकचा अख्खा सेट आणून दिला आणि प्रवीणने नागपूरहून केबल. दोन्ही भेट म्हणून, त्यामुळे परत करायची सोय नव्हती. त्यात दोघेही भलते मानी. केवलरामच्या नातवाच्या बारशाला पहिले ताट प्रवीणसमोर गेले म्हणून कृष्णराव न जेवता उठले होते, आणि ते उठले म्हणून प्रवीण दीड वर्ष बोलला नव्हता. आता रविवारी नंदिनी नगरला नवऱ्या मुलाकडे केवलरामच्या मुलीचे, रेणूचे, साक्षगंध होते. पोरीच्या साखरपुड्यात कोणी रुसलेले चालणार नव्हते.

"अजी, दोघायलेही हो म्हना," मनकर्णा कणीक मळता मळता म्हणाली. "जीपखाली वाकून कोन पाहते?"

केवलरामने तसेच केले. कृष्णरावांना फोनवर सांगितले, "दादा, तुमचंच लावून राहिलो. पन परवीनसमोर नाव नका काढू, उगाच वाईट वाटंल त्याले." मग प्रवीणलाही हेच सांगितले, फक्त नाव बदलून.

गोची झाली ती खुर्सीपारच्या मिस्त्रीची. अंगणात जीप उभी करून तो काम करत होता. बुधवारी केवलराम म्हणाला हायड्रॉलिक, गुरुवारी प्रवीण चक्कर मारणार म्हणून केबल, शुक्रवारी कृष्णराव येणार म्हणून पुन्हा हायड्रॉलिक. शनिवारी मिस्त्रीने हात पुसले.

"भैया, मैंने दोनों निकाल दिए हैं. बोरी में रखे हैं. पहले घर में फैसला कर लो." एवढे बोलून तो सासुरवाडीला गेला आणि त्याने फोन बंद केला.

रविवारी सकाळी रेणू मैत्रिणींसोबत पुढे निघून गेली. केवलरामने जीपमध्ये बसून पेडल दाबले, तर ते नुसते हवेत हलले. तेवढ्यात नवे शर्ट घालून कृष्णराव आणि प्रवीण दोघेही फाटकातून आत आले.

"आता?" मनकर्णाने हळूच विचारले.

"आता काय. बस."

त्याने पहिला गियर टाकून सरळ स्टार्टर मारला. जीप बेडकासारखी उडी घेऊन निघाली. पुढचे गियर त्याने इंजिनाचा आवाज ऐकत, डंपरवर शिकल्याप्रमाणे क्लचशिवाय टाकले. डावा पाय लोकलाजेखातर पेडलवर ठेवला.

"झटका काहाचा?" कृष्णरावांनी विचारले.

"नवीन आहे दादा. बसल हळूहळू."

"बसल, बसल," मागून प्रवीणही समजूतदारपणे म्हणाला.

रेल्वे फाटक बंद होते. केवलरामने ब्रेक दाबून इंजिन बंद पाडले. गाडी उभी आहे असे पाहून कृष्णराव खाली वाकले आणि त्यांनी हाताने पेडल दाबले.

"आहाहा! लोन्यावानी!"

प्रवीणनेही मागून वाकून दाबले. "खरंच दादा, बोटानं दबते!"

दोघांनी एकमेकांकडे कौतुकाने आणि थोड्या कीवेने पाहिले. हरलेल्या माणसाशी चांगले वागावे, असे दोघांनाही वाटले. कृष्णरावांनी खिशातली सुपारी पुढे केली, प्रवीणने ती घेतली. मनकर्णाने मागून हे पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. मालगाडी गेली, जीपने पुन्हा उडी घेतली.

नवऱ्या मुलाचे वडील दयाराम खाणीच्या गॅरेजमध्ये फोरमन होते. त्यांच्या अंगणात जीप धक्का खाऊन बंद पडली, तसे ते पुढे आले. पेडल दाबून पाहिले. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

साक्षगंध झाले, अंगठ्या झाल्या. जेवताना दयारामांनी आपल्या व्याह्याला, केवलरामला, बाजूला घेतले.

"इवाई, खाली तं काहीच नाही."

"नाही."

"मंग आले कसे?"

"आवाजावर."

"अन् कावून? काय गरज पडली?"

केवलरामने मांडवाकडे बोट केले. कृष्णराव आणि प्रवीण शेजारी बसून एकमेकांच्या ताटात जिलेबी वाढत होते.

"समजलं," दयाराम म्हणाले. "मलेही तीन साळे आहेत. जीप इथंच राहू द्या. तुमाले पियूष सोडून देईल."

पियूष म्हणजे नवरदेव. त्याची कार नवी होती. केवलराम मागे बसला, डावा पाय होईल तितका लांब केला आणि त्याने कित्येक दिवसांनी डोळे मिटले. पुढच्या सीटवर कृष्णराव खाली वाकून काहीतरी शोधत होते.

"जवाईबापू, क्लच कुठी आहे?"

"नाही आहे काका. ऑटोमॅटिक आहे."

कृष्णराव सरळ बसले. प्रवीणने मागून वाकून खात्री करून घेतली. रेल्वे फाटक आले, गेले. केवलरामला झोप लागत होती.

"जवाईबापू," प्रवीणने पुढे सरकून विचारले, "या ऑटोमॅटिकमधीबी दोन परकार असतेत म्हने?"

"दोन नाही मामा, चार."

कृष्णराव सीटवरच पूर्ण मागे वळले. "परवीन, तुले कोनता बरा वाटते?"

"पहिले तुमी सांगा."

केवलरामने डोळे न उघडता मनकर्णाला विचारले, "इथून आटो भेटंल का?"