क्वेईलानचा राजवाड्यातला फोटो

"पोट आत घे! हनुवटी वर! हसू नकोस, दात दिसतात!"

चोउ तफू राजवाड्याच्या अंगणात सकाळपासून बायकोवर डाफरत होता. क्वेईलान आज मुकाट्यानं ऐकत होती. लग्नात अंगावर निळा सुती कोट आणि फोटो एकच, त्यातही हिचे डोळे मिटलेले. बीजिंगला जाऊन राणीच्या पोशाखात एक झकास फोटो काढायचा, हे तिनं कधीपासून मनात धरलं होतं. आज भाड्याचा पिवळा झगा, डोक्यावर सुपाएवढा फुलांचा साज आणि चेहऱ्यावर रंगाचे थर चढवून बाई भलत्याच खुशीत होती.

तफूनं थर्मासातल्या चहाचा घोट घेऊन वर पाहिलं, तर पिवळा झगा पुढच्या दारातून निघालेला!

"अगं, थांब की!" म्हणत तो मागे लागला. पाठमोरे फोटो चांगले येतात असं त्याचं ठाम मत असल्यानं दोन अंगणं तो पाठीचेच फोटो काढत राहिला. "आता वळ. पण तोंड मिट!"

झगा वळला. बाई भलतीच!

"माझ्या तोंडानं तुमचं काय घोडं मारलंय हो?"

"माफ करा ताई, मला वाटलं माझी बायको…"

"अगंबाई! मग माझे हे कुठे गेले?"

झग्याला खिसा नसल्यानं क्वेईलानचा फोन तफूच्याच पिशवीत होता. त्यानं पहारेकऱ्याला गाठलं.

"दिसायला कशी आहे?"

"पिवळा झगा, डोक्यावर फुलं."

पहारेकऱ्यानं पिवळ्या झग्यांनी भरलेल्या अंगणाकडे हात केला. "घ्या शोधून. मागे मात्र फिरता यायचं नाही. उत्तरेच्या दारापाशी थांबा, सगळे तिथूनच बाहेर पडतात."

तफू आणि ताई पोचले, तर उत्तरेच्या दारापाशी क्वेईलान खदाखदा हसत उभी होती आणि एक टकले गृहस्थ तिचे फोटो काढत होते.

"अहो, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घ्या!" ताई ओरडल्या. गृहस्थांनी चष्मा लावला आणि त्यांच्या हातून फोनच सुटायचा राहिला.

मग फोटोंची अदलाबदल झाली. ताईंच्या वाट्याला नुसत्या पाठी आल्या. क्वेईलान मात्र प्रत्येक फोटोत दात दाखवून हसत होती आणि इतकी देखणी दिसत होती की तफू बघतच राहिला.

झगा परत करायला जाताना त्यानं हळूच विचारलं, "माणूस परका आहे, हे तुला कळलं नाही?"

"पहिल्याच फोटोला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तो म्हणाला, हस की, किती छान दिसतेस! मग कशाला बोलू?"