कलम अकरा

"हे पत्र बघ," हितेंद्र घाडीगावकरांनी मोबाइल बायकोच्या नाकासमोर धरला. "वाघेशेतच्या आपल्या भाडेकरू पोरींनी पाठवलंय. विषय सोड, पण लिहिण्यातला जोर बघ."

"तुम्हीच वाचा, माझे हात पिठात आहेत," सुचित्राबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

घाडीगावकरांनी चष्मा लावला. लालबागच्या विजयकर चाळीत त्यांचा जन्म गेला आणि त्यातली तेवीस वर्षं चाळीच्या भाडेकरू संघाचं सरचिटणीसपद सांभाळण्यात गेली. गॅलरीतला पत्रा गळतो म्हणून संघाने अकरा वर्षं भाडं रोखून सरचिटणिसांच्या कपाटात कुलपात ठेवलं होतं. चाळमालक मनमोहन विजयकर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गिरगावातून यायचे, चहा प्यायचे आणि रिकाम्या हाताने परत जायचे. असा हा माणूस चार महिन्यांपूर्वी स्वतः घरमालक झाला, ही सगळी भाचा गौतमची करणी.

"मामा, मुंबईत तुला संडाससुद्धा परवडायचा नाही," गौतम म्हणाला होता. "वाघेशेतला घे. नवीन इंजिनियरिंग कॉलेज आहे, हॉस्टेल पुरत नाही. वन बीएचकेत चार मुली ठेव, साडेचार-साडेचार हजार घे. हप्ता त्याच भरतील, चौदा वर्षांनी फ्लॅट तुझा."

घाडीगावकरांनी पीएफ मोडून वीस टक्के भरले, बाकीचं कर्ज काढलं. बँकेतल्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी बजावलं, "कॉलेजच्या गावात भाडं दहाच महिन्यांचं धरा, सुट्टीत मुलं घरी जातात. आणि दोन-तीन हप्त्यांचे पैसे बाजूला ठेवा." घाडीगावकर हसले. "मॅडम, भाडेकरू म्हणजे काय ते मला नका शिकवू." बाजूला ठेवायला काही उरलंही नव्हतं म्हणा.

किल्ली हातात आली त्या दिवशी सुचित्राबाईंनी एकच मागणी केली. खाटेखालचे गठ्ठे आधी तिकडे हलवा. संघातर्फे घाडीगावकरांनी 'भाडेकरूंनो, ताठ उभे राहा' ही पुस्तिका लिहून पाचशे प्रती छापल्या होत्या. लग्नात, मुंजीत, बारशाला वाटूनही साडेचारशे उरल्या होत्या, आणि बारा वर्षं सुचित्राबाईंचा झाडू त्या खाटेखाली शिरला नव्हता. गठ्ठे टेम्पोने गेले आणि फ्लॅटच्या माळ्यावर चढले.

"'महोदय,'" घाडीगावकर वाचू लागले, "'बाथरूमचं छत सहा आठवडे गळत आहे. गळणारं छप्पर हे घर नव्हे. ती मालकाने भाड्याने दिलेली छत्री आहे, आणि तीही फाटकी.' व्वा. काय वाक्य आहे. कुठल्या शाळेत गेली असेल ही..."

ते थांबले. चेहरा पांढरा पडला. घाडीगावकर एरवी सभेतलं मराठी बोलत, मालवणी फक्त मोठा धक्का बसला की बाहेर यायची.

"ह्यां माझांच आसा," ते म्हणाले.

"काय?"

"वाक्य. पान सातवरचं. माळ्यावर चढल्या वाटतं पोरी."

पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, की गळती थांबेपर्यंत भाडं 'वाघेशेत विद्यार्थिनी भाडेकरू संघा'च्या खात्यात जमा राहील. खाली सही होती, अवनी देवस्थळी, सरचिटणीस.

"मग करा की दुरुस्ती," सुचित्राबाई म्हणाल्या.

"आधी भाडं, मग दुरुस्ती. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

सुचित्राबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. हेच वाक्य अकरा वर्षं त्या विजयकरांच्या तोंडून ऐकत होत्या. पण भाकरी करपत होती, म्हणून त्या तव्याकडे वळल्या.

पाच तारीख आली. भाडं आलं नाही, बँकेचा मेसेज आला. पगारातून हप्ता जाईना, कारण त्यातून ऑफिसातल्या जुन्या कर्जाचा हप्ता आधीच कापला जात होता. कपाटातलं भाडं संघाचं, त्याला हात लावायचा नव्हता. शेवटी सुचित्राबाईंनी आईकडून आलेल्या पाटल्या हातातून काढून टेबलावर ठेवल्या.

"गहाण ठेवा. पण गौतमच्या लग्नाच्या आत परत पाहिजेत. मामी आहे मी त्याची. रिकाम्या हाताने मी हॉलची पायरी चढायची नाही, आणि का आली नाही ते एकेका पाहुण्याला फोन करून सांगीन."

लग्नाला सहा आठवडे होते. दुसरा महिनाही तसाच कोरडा गेला, आणि तेवढ्यात अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. वाघेशेतच्या चार बिल्डिंगांतल्या पोरांनी भाडं रोखलं होतं. फोन करणारे सगळे फ्लॅटमालक होते.

"घाडीगावकर तुम्हीच ना?" एकजण ओरडला. "नाही कसं म्हणता? पुस्तिकेच्या कव्हरवर फोटो आहे तुमचा, मूठ वर केलेला!"

लग्न नऊ दिवसांवर आलं तेव्हा घाडीगावकर तरातरा वाघेशेतला गेले. आज पोरींना असं झापायचं, की पुन्हा संघाचं नाव काढणार नाहीत. दार अवनीने उघडलं. अंगाने काडी, आवाज मऊ.

"या काका. बसा. उन्हातून आलात." तिने खुर्ची दिली. दुसरीने पाणी आणलं, तिसरीने आल्याचा चहा. चौथीने पंखा त्यांच्याकडे वळवला. घाडीगावकर विरघळले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. "बरं, भाड्याचं काय?"

"काका, गळतीचं काय?" अवनीने तेवढ्याच गोडीने विचारलं.

घाडीगावकरांनी बशी खाली ठेवली. पुस्तिकेतलं कलम चार. 'मालक घरी आल्यास त्यास खुर्ची द्यावी, चहा द्यावा, भाडे देऊ नये.'

"काका, एक सही द्याल?" निघताना अवनीने पुस्तिकेची प्रत पुढे केली. "आम्हाला तुमचा खूप आधार वाटतो." घाडीगावकरांनी सही दिली.

परतताना ते लालबागला उतरलेच नाहीत, थेट गिरगावात विजयकरांच्या दारात उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. विजयकरांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, हसू नका. तुम्ही अकरा वर्षं हे कसं सोसलंत?"

"हसत नाही मी," विजयकर म्हणाले. डोळे मात्र हसत होते. त्यांनी टेबलाच्या खणातून पुस्तिका काढली. पानं वापरून मऊ झाली होती. "घाडीगावकर, कलम अकरा वाचलंत का?"

"मीच लिहिलंय ते."

"लिहिलंत हो. वाचलंत का, ते विचारतोय."

घाडीगावकरांनी वाचलं. 'मालकाने दुरुस्ती करून दिल्यास थकलेले सर्व भाडे त्याच दिवशी, हसतमुखाने द्यावे.' छापखान्यात शेवटच्या पानावर चार ओळींची जागा रिकामी उरली होती, ती भरायला हे कलम घातलं होतं. कुठला मालक दुरुस्ती करतोय, या खात्रीने.

दुसऱ्या दिवशी प्लंबर गेला. वरच्या मजल्यावरचा एक फुटका पाइप, अठ्ठावीसशे रुपये, तीन तासांचं काम. संध्याकाळी साडेसहाला दोन महिन्यांचं भाडं खात्यात जमा झालं, एक रुपया कमी नाही. पाठोपाठ मोबाइलवर चार फोटो आले. चौघी पोरी एकेक करून दात दाखवून हसत होत्या. खाली अवनीने लिहिलं होतं, 'कलम अकराप्रमाणे.'

पाटल्या शुक्रवारी घरी आल्या. शनिवारी सकाळी गॅलरीत ठोकाठोक ऐकून घाडीगावकर बाहेर आले. दोन गवंडी शिडीवर चढून जुना पत्रा उतरवत होते. खाली कोरे पत्रे रचलेले. विजयकर भिंतीला टेकून काम बघत होते.

चारच्या सुमाराला शेवटचा स्क्रू बसला. गवंड्याने वर बादलीभर पाणी ओतून दाखवलं, खाली थेंब पडला नाही. बातमी चाळभर गेली आणि बेचाळीस बिऱ्हाडांचे भाडेकरू आपापल्या दारात येऊन सरचिटणिसांकडे बघू लागले. अकरा वर्षांत असली वेळ कधी आली नव्हती.

विजयकर आत आले. कुणी सांगायच्या आत खुर्चीत बसले. सुचित्राबाईंनी पाटल्या वाजवत चहा आणला, कपाशेजारी कपाटाची किल्ली ठेवली आणि ती नवऱ्याकडे सरकवली.

"द्या हो," त्या म्हणाल्या. "पोरींनी त्याच दिवशी दिलं."

घाडीगावकर उठले, कपाट उघडलं आणि दाराआड पाठमोरे उभे राहून बराच वेळ नोटा मोजत राहिले. परत आले तेव्हा चेहरा प्रेतयात्रेला निघाल्यासारखा होता.

विजयकरांनी पैसे घेतले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, कॅमेरा चालू केला आणि घाडीगावकरांवर धरला.

"जरा हसा," ते म्हणाले.