ट्वायलाबाईंचं निळं पिस्तूल

तीन आठवड्यांत व्हर्लिन हार्गिसनं आपल्या बायकोची, ट्वायलाबाईंची, तीन गिऱ्हाइकं पळवून लावली. पहिल्या घरात तो पोटमाळ्यावर चढला आणि वरूनच ओरडला, "इथं खारींनी संसार थाटलाय!" दुसऱ्या घरात नव्या लग्नाच्या जोडप्याला तळघरात नेऊन पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते त्यानं स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं. तिसऱ्यात तर काही बोललाही नाही. नळ सोडला, भिंतीतून आवाज आला, आणि तो नुसता हसला.

यात खोटं काहीच नव्हतं. खारी, पाणी, नळ, सगळं ट्वायलाबाईंनी नियमाप्रमाणे कागदावर लिहून दिलेलं होतं. पण कागदावरची खार वेगळी आणि माळ्यावरून ओरडून सांगितलेली खार वेगळी. एकोणीस वर्षं त्या ओक्लाहोमातल्या एका गावात घरं दाखवून विकत होत्या, आणि एवढी पडझड त्यांच्या धंद्यात वादळानंही केली नव्हती.

व्हर्लिन सोबत यायला लागला त्याला कारण होतं. शेजारच्या काउंटीत रिकामं घर दाखवायला गेलेल्या एका बाईची पर्स आणि गाडी गिऱ्हाइकानंच पळवली. त्या दिवशी जेवताना व्हर्लिननं काटा खाली ठेवला.

"एक तर तू पिस्तूल बाळग, नाहीतर मी येणार. प्रत्येक घरी."

"अरे, पण रोज दिवसभर अंगावर..."

"अंगावरच. आणि लपवून. मला ओळखता येईल असं नको. मला ओळखता आलं तर चोरालाही येईल."

ही अट सोपी नव्हती. व्हर्लिननं काउंटीच्या रस्ते खात्यात तीस वर्षं काढली होती. डांबरातला अर्ध्या इंचाचा फुगवटा त्याला चालत्या ट्रकमधून दिसायचा. ट्वायलाबाईंना बंदुकीचं वावडं नव्हतं, वडिलांबरोबर लहानपणी त्या बदकांच्या शिकारीला जायच्या. पण आता शनिवारी हॅकबेरी रोडवरचं घर दाखवायचं होतं. चौदा महिने त्याच्यापुढं विक्रीची पाटी होती, आणि मालकानं बजावलं होतं की या शनिवारी नाही गेलं तर दुसरा एजंट बघेन. त्या घरात व्हर्लिनला नेणं म्हणजे घर हातचं घालवणं. शनिवारच्या आत पिस्तूल पाहिजेच होतं.

हत्यारांच्या दुकानाचा मालक डब हा व्हर्लिनचा मासेमारीतला दोस्त. दोघांनी ट्वायलाबाईंना बाजूला स्टुलावर बसवलं आणि तासभर त्यांच्यासाठी पिस्तूल निवडलं. शेवटी डबनं काचेखालून एक चिमुकलं गुलाबी पिस्तूल काढलं.

"हे बघ. खास बायकांचं. लिपस्टिकच्या शेजारी मावतं."

"गोड आहे की नाही?" व्हर्लिन म्हणाला.

ते गोड पिस्तूल दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर ट्वायलाबाईंनी एकदा चालवलं. गोळी कुठं गेली ते कळलं नाही, पण चष्मा नाकावरून निसटला आणि मनगटात कळ गेली. पुन्हा भरायला वरचा सरकता भाग मागं ओढायला गेल्या, तर तो जागचा हलेना. व्हर्लिन म्हणाला, "जोर लाव." डब म्हणाला, "सवय होईल." तेवढ्यात रेंजवर शिकवणारी नेडीन आली. सत्तरीची, काडीसारखी बाई. तिनं ते गुलाबी प्रकरण हातातून काढून घेतलं.

"तुम्ही दोघं जा, कॉफी प्या," ती पुरुषांना म्हणाली. मग ट्वायलाबाईंकडं वळून, "अगं, जितकं हलकं तितका झटका जास्त. आणि त्याची स्प्रिंग दणकट. हे लहान आहे म्हणून सोपं, असं ज्यानं कधी चालवलंच नाही तो सांगतो. हे घेऊन बघ."

तिनं दिलेलं पिस्तूल तळहातापेक्षा थोडं मोठं, अंमळ जड होतं. वरचा भाग लोण्यासारखा सरकला. पाच गोळ्यांतल्या चार कागदावर लागल्या. ट्वायलाबाई खूश झाल्या.

"हेच देऊन टाक."

"थांब. चालवता येतं, पण घेऊन वावरता येतं का ते बघ आधी." नेडीननं त्याच मापाचं, त्याच वजनाचं एक निळं रबरी पिस्तूल काढून दिलं. "सरावाचं आहे, यातून काही उडत नाही. आठवडाभर हे अंगावर लपव. जमलं तर ये."

चोर काही दाबून बघत नाही, शनिवारपुरतं रबरीही चालेल, असं व्हर्लिनशी ठरलं, आणि सोमवारी ट्वायलाबाईंनी ते कमरेला खोचलं. व्हर्लिननं टोस्टला लोणी लावता लावता मान वर केली. "उजवीकडं. दीड इंचाचा फुगवटा."

मंगळवारी त्यांनी ते घोट्याला बांधलं. व्हर्लिन काही बोलायच्या आतच त्या लंगडत डाकपेटीपर्यंत गेल्या आणि समोरच्या बाईंनी ते पाहिलं. दुपारी चर्चमधली एक बाई गुडघेदुखीसाठी म्हणून चिकन आणि भाताचं कॅसरोल देऊन गेली; आजारी माणसाच्या घरी असं भट्टीत भाजलेलं जेवण पोचवायची गावाची रीतच होती.

बुधवारी चर्चची सभा होती. त्या दिवशी ट्वायलाबाईंनी ते छातीशी, ब्लाउजच्या आत अडकवलं. नेहमीप्रमाणे चर्चचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्या डीकननं दारातच प्रेमानं गळाभेट घेतली आणि चपापून मागं सरकला.

"ट्वायला, अगं... हृदयाचं यंत्र बसवलंस? बोलली नाहीस कुणाला!"

पिस्तूल आहे म्हणावं तर लपवल्याला अर्थ नाही. ट्वायलाबाई गप्प राहिल्या, आणि तेच चुकलं. गुरुवार संध्याकाळपर्यंत घरात सात कॅसरोल आली. टूना, बटाटा, हिरव्या शेंगा, पुन्हा टूना. व्हर्लिननं फ्रीजरमध्ये ती कशीबशी कोंबली. पास्टरचा फोन आला की रविवारी तुझ्यासाठी प्रार्थना ठेवली आहे. ऑफिसमधून साहेबांचा फोन आला, "शनिवारचं घर दुसऱ्या कुणाला देऊ का? तू तब्येत सांभाळ."

"मी ठणठणीत आहे!" ट्वायलाबाई फोनवर इतक्या जोरात ओरडल्या की साहेबांना जास्तच काळजी वाटली.

शुक्रवारी त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं. व्हर्लिन म्हणाला, "पट्टा ताणलाय. आणि चोर पर्सच पळवतो, बाई."

शनिवारी सकाळी ट्वायलाबाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. व्हर्लिननं त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी. खाली वाकून घोटे पाहिले. पर्स उचलून वजन केलं. मग त्याचा चेहरा पडला.

"नाही सापडत."

"नाही ना?"

"कुठंय?"

"सांगितलं तर लपवलेलं कसलं?"

व्हर्लिन शब्दाचा पक्का. त्यानं निमूटपणे ट्वायलाबाईंच्या गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली, वर म्हणाला, "मानलं तुला." ट्वायलाबाईंना थोडं लाजल्यासारखं झालं. निळं पिस्तूल फ्रीजरच्या तळाशी, सात कॅसरोलांच्या खाली, भेंडीच्या पिशवीमागं होतं. तिथं तो कशाला जातोय, असा त्यांचा हिशेब.

हिशेबात एकच गोष्ट राहिली होती. व्हर्लिनला साखरेचा त्रास होता, डॉक्टरनं आइस्क्रीम बंद केलं होतं, आणि गेली दोन वर्षं तो आपला पीकान आइस्क्रीमचा डबा त्याच भेंडीच्या मागं लपवत आला होता.

हॅकबेरी रोडवर मिसेस बोटराइट वेळेवर आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या, चण लहान, अंगात मोठ्ठा ढगळ स्वेटर आणि हातात विणकामाची पिशवी. त्या कमी बोलायच्या. खिडक्या उघडून पाहिल्या, जिना चढून उतरल्या. बैठकीच्या खोलीत उभ्या राहून म्हणाल्या, "उजेड चांगला आहे." चौदा महिन्यांत हे कुणीच म्हटलं नव्हतं. ट्वायलाबाईंच्या छातीत खरोखरच धडधडायला लागलं.

आणि दार धाडकन उघडलं. डोळे दिपवणाऱ्या उन्हातून एक धिप्पाड माणूस हातात पिस्तूल घेऊन आत घुसला.

"ट्वायला! हे घरीच राहिलं की तुझं!"

मिसेस बोटराइटांची पिशवी जमिनीवर पडली. त्यांचा हात स्वेटरखाली कधी गेला आणि बाहेर कधी आला ते दिसलंच नाही, पण आला तेव्हा त्यात पिस्तूल होतं.

"टाक ते खाली. हात वर." तिसरीच्या पोरांना वह्या मिटायला सांगावं इतक्या शांतपणे त्या म्हणाल्या.

निळं पिस्तूल जमिनीवर पडलं आणि दोन टुणटुण उड्या मारून कोपऱ्यात गेलं. व्हर्लिनचे हात छताकडं गेले.

"मॅडम, मी नवरा आहे. यांचा."

"खरंय का?"

ट्वायलाबाईंनी उत्तर द्यायला गरजेपेक्षा जरा जास्त वेळ घेतला. "हो. माझाच आहे. आणि ते रबराचं आहे."

मिसेस बोटराइटांनी नळी जमिनीकडं केली आणि कोपऱ्यात निरखून पाहिलं. "निळं आहे की हे! आजकाल काय काय विकतात." ट्वायलाबाईंची नजर मात्र त्यांच्या हातावर खिळली होती. नेडीननं दिलं होतं तेच माप.

"हे कमरेला टोचत नाही तुम्हाला?"

"पोटाशी ठेवते. पँट एक माप मोठी घ्यायची, वर ढगळ काहीतरी."

"व्हर्लिन, बाई आत आल्या तेव्हा दारात असतास तर तुला फुगवटा दिसला असता?"

व्हर्लिननं हात वर ठेवूनच त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "नसता दिसला," तो कष्टानं म्हणाला.

"फुगवटा कुणी बघत नाही हो," मिसेस बोटराइट म्हणाल्या. "आपण सारखा तिथं हात लावतो, तो हात बघतात. घरात कुणी तपासत बसलं की हात जास्तच जातो. तुम्ही यांना विचारणं बंद करा."

ट्वायलाबाईंना आठवडाभरात पहिल्यांदा मोकळं वाटलं. सोमवारी नेडीनकडं जायचं, आणि एकटीनं जायचं, हे त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. तेवढ्यात वर तोंड करून उभा असलेला व्हर्लिन म्हणाला, "ट्वायला, छताला ओलीचा डाग आहे बघ. चांगला ताटाएवढा."

ट्वायलाबाईंनी डोळे मिटले. चौथं घर, त्यांच्या मनात आलं.

"वाचलंय मी ते कागदात," मिसेस बोटराइट म्हणाल्या. "हे गृहस्थ इथं शेजारी राहतात का?"

"नाही हो. चार मैल लांब."

"मग घेते मी घर."

"हात खाली करू का आता?" व्हर्लिननं विचारलं.

ट्वायलाबाई पर्समधून पेन काढत होत्या. "थांब जरा. बाईंची सही होऊ दे."