भोईर सरांची कप्पी

भोईर सरांच्या विहिरीवरच्या कप्पीला मी बायकोच्या शिवणयंत्राचं तेल घातलं आणि शेजारधर्म पाळल्याच्या आनंदात घरी येऊन चहा मागितला. त्या कप्पीची कुरकुर रोज सकाळी माझी झोप मोडायची. "तुमच्या घोरण्यापुढं ती काय?" असं बायको म्हणायची, तेही कोपर मारून. पण ते सोडा.

भोईर सर धसईतले आमचे शेजारी, विज्ञानाचे मास्तर. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई. 'कप्पीचे घर्षण नगण्य माना' हे पुस्तकातलं वाक्य त्यांना शिवीसारखं लागायचं. ओटीवर शिकवणीच्या पोरांना विचारायचे, "घर्षण नसलेली कप्पी म्हशाच्या जत्रेत तरी मिळंल का रे? पाणी दहा किलोचं, हाताला बारा लागतंय. वरचे दोन कप्पी खाते. तिचा घास धरा, मग गणित मांडा!" मुरबाडची एस्टी कधी पोचेल विचारलं, तरी "घर्षण धरून ना?"

शिकवता शिकवता ते मधेच थांबायचे, मान तिरपी करायचे, मग "हां, पुढं." आम्ही हसायचो.

त्या सकाळी मी कौतुक ऐकायला ओटीवर गेलो, तर सर थांबले ते थांबलेच. खडू फळ्यावर तसाच.

"आई पाण्याला गेली ना? मग कप्पी का वाजत नाय?"

आणि अनवाणी परसातल्या विहिरीकडे धावले. आईला जेमतेम दिसायचं, विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा, आणि सकाळचं पाणी आपणच ओढायचं हा तिचा हट्ट. मी मागं धावलो. तेलाची बाटली अजून माझ्या खिशात होती.

विहिरीवर कोणी नव्हतं. दोर आत लोंबत होता. सरांनी वाकून "आये!" अशी हाक मारली, ती विहिरीनं तशीच परत दिली.

"वरडतोस कशाला रे?" केळीच्या आडून आवाज आला. "आज पोहरा कसा फुलासारखा वर आला! म्हटलं, केळींना बी घालू पाणी."

सर कठड्यावर मटकन बसले. मग उठून चुलीतली राख आणली आणि कप्पी घासायला लागले.

"सर, ते तेल मी..."

"कळलं." त्यांनी आणखी एक मूठ राख कप्पीला चोळली. "ती वाजते, तोवरच मला शिकवता येतं हो."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ती थांबली.

"घोरा तुमी खुशाल," म्हणाली. "मी नाय कोपर मारायची आता."